गळ्याच्या संताच्या दिवशी, कानांत मेण घालून

मी, दोनातो व्हितो लोरुस्सो, वय वर्षे त्रेपन्न, मूळ गाव ग्राविना, हल्ली मुक्काम नेपल्स, महाराजांच्या नाट्यगृहातला निवृत्त गायक, ज्याला लोक ‘ग्राविनेल्लो’ म्हणून ओळखतात, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. मी शुद्धीवर आहे. मी प्यालेलो नाही आणि माझ्यावर कोणाची जबरदस्ती नाही. मात्र ही शुद्ध आज संध्याकाळच्या घंटेपर्यंतच टिकेल अशी मला भीती वाटते, म्हणून सकाळपासून घाई चालली आहे. घंटा होताच माझा धाकटा भाऊ रोक्को आपल्या मुलाला, कोझिमोला, माझ्यापुढे गायला घेऊन येणार आहे. ते गाणे ऐकल्यानंतर मी जे काही बोलेन किंवा कबूल करेन ते माझे समजू नये.

हे वाक्य वाचून समोर बसलेल्या नोटरी दॉन आनिएल्लो यांनी भुवया वर केल्या आणि काहीतरी म्हटले. काय म्हटले ते मला कळले नाही, कारण माझ्या कानांत मेण आहे. आज संत ब्याजोचा दिवस. गळ्याचा रखवालदार तो. दरवर्षीप्रमाणे सकाळी चर्चमध्ये पाद्र्याने दोन मेणबत्त्यांची फुली माझ्या गळ्याला लावली आणि आशीर्वाद दिला. त्या मेणबत्त्यांची बुडखी मी मागून घेतली, घरी येऊन मऊ केली आणि दोन्ही कानांत कोंबली. संताने आजवर माझा गळा सांभाळला, आजच्या दिवस त्याने कान सांभाळावेत.

कलम पहिले: माझा देह. मी गेल्यावर मला माझ्या घरकामवाल्या ओर्सोलानेच आंघोळ घालावी आणि त्या वेळी दाराला आतून कडी असावी. शहरातल्या एका शल्यवैद्याने माझ्या छातीतले पाणी तपासता तपासता मला सांगितले, “सिन्योर, तुमच्यासारख्यांचा गळा एकदा आतून बघायला मिळाला, तर विद्येचं फार भलं होईल.” तेव्हापासून तो आला की मी गळपट्टा सोडत नाही. विद्येचे भले जिवंतपणी पुष्कळ करून झाले आहे. मेल्यावर माझा गळा कोणी उघडू नये.

मला मरणाची भीती वाटते, आणि ती कशासारखी वाटते तेही लिहितो. राजाच्या नाट्यगृहात महाराजांच्या आधी कोणी टाळी वाजवायची नाही असा दंडक आहे. गाणे संपले की सगळी माणसे श्वास रोखून महाराजांच्या सज्जाकडे बघत राहतात. महाराजांचे कधी लक्ष असे, कधी ते सरबत पीत असत, कधी पाठ फिरवून कोणाशी बोलत असत. तोवर मी दिव्यांच्या रांगेपुढे पिसांचे शिरस्त्राण सांभाळत उभा, घाम डोळ्यांत, आणि सगळीकडे चिडीचूप. सव्वीस वर्षे मी त्या शांततेत उभा राहिलो आणि एकदाही तिची सवय झाली नाही. मेल्यावर पुढे तसेच काहीतरी असणार असे मला वाटते.

कलम दुसरे: ओर्सोला. तिने एकोणीस वर्षे माझे जेवण, माझी पथ्ये आणि माझा तोरा सांभाळला. वरचा मजला तिने हयातभर वापरावा. तांब्याची सगळी भांडी, माझा लोकरी झगा आणि दोन्ही गाद्या तिच्या. तिने माझ्या माघारी शेजारणीपाशी माझी नक्कल केली, ती मी जिन्यात उभा राहून ऐकली आहे. नक्कल चांगली होती. त्याबद्दल तिचे काहीही कापू नये.

कलम तिसरे: गाण्यांची पेटी. आमच्या धंद्यात प्रत्येक गायकाची एक पेटी असते आणि तिच्यात त्याची हुकमी गाणी. ऑपेरा कोणाचाही असो, कथा कुठलीही असो, शेवटच्या अंकात पेटीतले एखादे गाणे घुसवायचेच. माझ्या पेटीत वादळात सापडलेल्या जहाजाचे एक गाणे आहे. ते मी इराणचा राजा होऊन गायलो, रोमन सेनापती होऊन गायलो आणि एकदा ज्याने जन्मात समुद्र पाहिला नाही अशा धनगराच्या वेषातही गायलो. कोणी तक्रार केली नाही. ही पेटी सिन्योरा कोस्तान्सा बेल्लोफियोरे यांना द्यावी. माझा सूर लांबत असताना त्या मुद्दाम हातातला पंखा खाली टाकत, म्हणजे लोक पंख्याकडे बघत. एरवी मी त्यांना पाण्याचा पेलाही दिला नसता. पण तेवढा दम या शहरात दुसऱ्या कोणाला नाही, आणि गाणी पेटीत कुजू नयेत.

कलम चौथे: अंगठी. महाराजांनी दिलेली हिऱ्याची अंगठी रोक्कोच्या दोन मुलींच्या लग्नासाठी त्याला द्यावी. माझ्या मरणाची वाट न बघता, आजच, बिनशर्त. ती रोज बघितली की मला धाक वाटतो आणि अभिमानही वाटतो, आणि दोन्ही एकदम वाटू लागले की माझी झोप जाते.

ही अंगठी मिळाली त्या प्रयोगात वादळाचे गाणे शेवटाला आले आणि मी शेवटचा सूर धरला. अगदी बारीक सुरू केला, वाढवत नेला, नाट्यगृह भरून टाकले आणि पुन्हा बारीक करत सोडला. श्वास संपला तेव्हा नेहमीप्रमाणे चिडीचूप. आणि मग वरच्या गॅलरीत कोणीतरी टाळी वाजवली. महाराजांच्या आधी. पाठोपाठ सगळे नाट्यगृह उठले, बायकांनी हातमोजे फेकले, शिपाई बावरून एकमेकांकडे बघू लागले, आणि शेवटी महाराजही हसून उभे राहिले. दुसऱ्या दिवशी दरबारी व्यवस्थापकाने मला बोलावून आधी अंगठी दिली आणि मग यापुढे असे होऊ न देण्याची तंबी दिली. त्या टाळ्या चालू असताना मला कोणी विचारले असते, ‘लहानपणी तुझ्याकडून घेतले ते घेतले, पुन्हा देशील का?’ तर मी हो म्हणालो असतो. या माणसावर, म्हणजे माझ्यावर, विश्वास ठेवायचा नाही, म्हणून हे मृत्युपत्र.

कलम पाचवे: डुकरीण. हे कलम वाचून कोणी हसू नये.

मी नऊ वर्षांचा असताना मला नेपल्सच्या संगीतशाळेत आणून सोडले. गळा फुटू नये, कोवळाच राहावा म्हणून खच्ची केलेल्या आम्हा मुलांची खोली वरच्या मजल्यावर, शेकोटीच्या भिंतीला लागून होती. आम्ही महागातला माल, म्हणून आम्हाला ऊब जास्त आणि रश्शात मांस जास्त. पहिल्याच दिवशी एका मुलाने विचारले, “तुला काय झालं होतं?”

मला घरी पढवून पाठवले होते. मी म्हणालो, “डुक्कर चावलं.”

“मलाही,” तो म्हणाला.

“मलाही,” खिडकीतला म्हणाला.

“मी घोड्यावरून पडलो,” म्हणून चौथ्याने सांगितले. त्याचे घर जरा बरे असावे.

त्यांच्यात एक थोराड मुलगा होता. तो म्हणाला, “काय रे, सगळ्या राज्यातली डुकरं एवढा नेम धरून कशी काय चावतात?” आम्ही पोट धरून हसलो. मग एकेक करून हसू थांबले.

हे काम करणाऱ्याला आणि करवणाऱ्याला धर्मातून बाहेर काढतात. म्हणून ते कोणी करत नाही, ते नुसते होते. आमचे बाबा खेचरांची खोगिरे शिवायचे. जनावर म्हणून घरात मांजरसुद्धा नव्हते. मी आठ वर्षांचा झालो आणि एक डुकरीण आली. तिला दारातच बांधली, सगळ्या गल्लीला दिसेल अशी. पुढे मला नेपल्सला पाठवले आणि त्याच आठवड्यात ती विकली. तिने कोणाच्या हाताला साधे हुंगलेही नव्हते.

आता रविवारची गोष्ट. रोक्को ग्राविनाहून आला. मुलाला धर्मशाळेत ठेवून एकटाच जेवायला आला. तो आता बाबांचेच काम करतो. त्याची बोटे दाभणाने चाळणी झाली आहेत. ओर्सोलाने चीज घालून मॅकरोनी वाढली, त्याने दोनदा मागून घेतली आणि मग बोलायला लागला.

“दादा, पोराचा गळा ऐकशील ना, तर वेडा होशील. चर्चमध्ये गायला लागला की म्हाताऱ्या बायका रडतात.”

“म्हाताऱ्या बायका कशानेही रडतात. किती वर्षांचा झाला?”

“नववं लागलंय. म्हणजे आता फार थांबून चालायचं नाही.”

मी ऐकले न ऐकल्यासारखे केले आणि घरचे कसे आहेत म्हणून विचारले.

“बरे आहेत. घरी डुकरीण घेतलीये,” तो ताटाकडे बघत म्हणाला.

मी चमचा खाली ठेवला. “तुला कशाला हवी डुकरीण? खोगिरं शिवणारा माणूस तू!”

“असावी घरात एक. ही म्हणत होती.”

“कुठे बांधलीस?”

“दारात.”

ओर्सोला चीजची ताटली घेऊन आली होती, ती तिथेच उभी राहिली. तिला डुकरिणीचे काही ठाऊक नव्हते, पण माझा चेहरा तिने बघितला होता.

“रोक्को, नको,” मी म्हणालो.

“तुला सांगायला काय जातं नको म्हणून? तुला काय कमी पडलं? राजाच्या हातची अंगठी घालतोस, रेशमात झोपतोस. आणि मी? दोन पोरी लग्नाच्या आहेत, धाकट्याला बूट नाहीत.”

“मला मूल नाही, रोक्को.”

“मला सहा आहेत. एक तुझ्यासारखा झाला तर पाच जेवतील.” हे त्याने वाईटपणाने म्हटले नाही. तो हिशेब त्याने घरी बऱ्याचदा केला असावा, आणि दर वेळी तो जुळला असावा.

“त्याला विचारलंस तरी?”

“विचारलं की. हो म्हणाला. टाळ्या पिटत हो म्हणाला.”

मीही हो म्हणालो होतो. ते काम करणाऱ्या न्हाव्याने मला मांडीवर बसवून विचारले होते, “काय रे, मोठा गवई व्हायचंय ना?” आणि हातात साखरेत घोळवलेले बदाम दिले होते. मी तोंड भरून हो म्हणालो. नंतर कोमट पाणी, अफूचा घोट, आणि मग जे झाले ते झाले. त्या बदामांची चव अजून जिभेवर आहे. दिवाळखोराला कर्ज आठवावे तशी ती मला आठवते.

जाताना रोक्को दारात थांबला. “एकदा ऐक त्याला. तुझ्याएवढं यातलं कळणारा दुसरा कोण आहे? ऐकून तू नाही म्हणालास, तर आईची शपथ, पोराला घेऊन घरी जातो आणि डुकरीण विकून टाकतो. पण आधी ऐक. गुरुवारी संत ब्याजो आहे. पोराच्या गळ्याला चर्चमधून आशीर्वाद घेऊन आणतो, मग ऐक.”

तो गेल्यावर ओर्सोला माझ्यावर खेकसली. “मग ऐका आणि नाही म्हणा की! त्यात एवढं थरथरायला काय झालं, मालक?”

मी तिला मासळीबाजाराची गोष्ट सांगितली. मागच्या शरदात मी बाजारातल्या कारंजापाशी उभा होतो. एक कोळ्याचा पोरगा बांगडे विकत ओरडत होता. नुसते ओरडणे ते, पण वरचा सूर असा स्वच्छ लागला की माझ्या मनात आले: ‘आठनऊ वर्षांचा असेल. अजून वेळ आहे.’ एवढेच. मग मला कळले की मी काय विचार केला. तो विचार माझ्या डोक्याने केला नव्हता, कानाने केला होता. या कानांना आयुष्यभर फक्त एवढेच शिकवले आहे. मी मासळी न घेता घरी आलो आणि त्या दिवशी मला अन्न गेले नाही.

ओर्सोलाने हातातले भांडे पुसून ठेवले. मग म्हणाली, “मग कान बंद करा. आधी सही, मग गाणं.” मेणाची अक्कल तिची आहे.

तेव्हा कलम पाचवे असे की, रोक्कोच्या दारातली डुकरीण माझ्या पैशातून आजच विकत घ्यावी. ती यापुढे माझी. तिला कापू नये, विकू नये, ती म्हातारी होऊन मरेल तोवर तिला खायला घालावे. तिने आजपर्यंत कोणाला चावलेले नाही हे मी लिहून ठेवतो. पुढे कधी कोझिमोला डुक्कर चावल्याचे कोणी सांगू लागले, तर ते खोटे आहे असा हा कागद पुरावा. रोक्कोकडे घोडाही नाही, तेही नमूद करून ठेवतो.

कलम सहावे: राहिलेले सगळे. हे घर, ग्राविनाजवळचा द्राक्षमळा आणि बँकेतली ठेव पुतण्या कोझिमोला मिळावी, पण पुढील अटीवर. तो सतरा वर्षांचा होईल तेव्हा संत मिकेलच्या जत्रेच्या दिवशी त्याने ग्राविनाच्या चर्चच्या पायरीवर उभे राहावे आणि सगळ्या चौकाला ऐकू जाईल असे माझे नाव घ्यावे. आवाज फाटका, घोगरा, रेडकासारखा निघाला, तर नोटरीने तिथल्या तिथे किल्ल्या त्याच्या हातात द्याव्यात. आवाज जितका वाईट, तितका आनंद मानावा.

तोवर मळ्याचे उत्पन्न दर ईस्टरला रोक्कोला मिळत जावे. पण त्याआधी ओर्सोलाने स्वतः ग्राविनाला जाऊन कोझिमोला आंघोळ घालावी आणि सगळे जसेच्या तसे असल्याचे येऊन सांगावे. पाद्र्याचा दाखला चालणार नाही. दाखले माझ्याकडेही होते. दॉन आनिएल्लो यांनी हे कलम ओर्सोलाला वाचून दाखवलेले दिसते, कारण ती आत्ता माझ्यासमोर हातवारे करत उभी आहे. मला ऐकू येत नाही, पण त्यात खेचर, डोंगर, तिची कंबर आणि माझे वाडवडील एवढे ओळखू आले. मी मान हलवली. ती जाईल.

कलम सातवे. हे लिहायला हात धजत नाही. एवढे करूनही तसे झालेच, तर घर, मळा आणि ठेव अनाथ बालकांच्या आश्रमाला जावी आणि रोक्कोला एक पैही मिळू नये. पण मुलाचे काय? त्याला उघड्यावर टाकले, तर ज्याला शिक्षा झाली त्यालाच पुन्हा शिक्षा. आणि त्याच्यासाठी काही ठेवले, तर रोक्को तेवढ्यावरही हिशेब मांडील. मी पुन्हा पुन्हा लिहिले आणि खोडले. शेवटी असे: मुलाला ओर्सोलाने वरच्या मजल्यावर आपल्यापाशी ठेवून घ्यावे, त्याला खाऊ घालावे, आणि त्याच्या गाण्याचा पैसा बापाच्या हाताला लागू देऊ नये. आणि कोझिमो, हे कलम तुझ्यासाठी वापरायची वेळ आलीच, तर एवढे ध्यानात ठेव. तू हो म्हणालास, तो हो खरा नव्हता. आठनऊ वर्षांचे मूल बदामाला हो म्हणते. त्याचा दोष स्वतःकडे घेऊ नकोस. मी घेतला होता, फार वर्षे घेतला होता, आणि त्याने काही झाले नाही.

कलम आठवे आणि शेवटचे. आजच्या तारखेनंतर माझ्या हातचे दुसरे मृत्युपत्र निघाले, तर ते शुद्ध हरपलेल्या माणसाचे समजावे. या मृत्युपत्राच्या कामात मी ‘थांबा’ म्हणालो, हात वर केला, रडलो, धमकी दिली किंवा पैसे देऊ केले, तरी दॉन आनिएल्लो यांनी थांबू नये. ते ‘हो’ म्हणून मान डोलावत आहेत. त्यांनी जन्मात ऑपेरा ऐकला नाही, त्यांना गाण्यातले ओ की ठो कळत नाही. म्हणूनच मी त्यांना निवडले.

यापुढचे त्याच दिवशी, सही झाल्यानंतर, साक्षीदारांच्या समोर लिहिले आहे.

मी लेखणी ठेवली तशी दॉन आनिएल्लो यांनी माझ्यापुढे एक चिठ्ठी सरकवली. ‘मृत्युपत्र कर्त्याला मोठ्याने वाचून दाखवल्याशिवाय पक्के होत नाही. कान मोकळे करावे लागतील.’ हे मला आधी कळायला हवे होते. आयुष्यभर करारनामे केले, पण मृत्युपत्र पहिलेच.

ओर्सोलाने खिडक्या लावल्या आणि वर रजई टांगली. मी मेण काढले. घंटेला अजून अवकाश होता. साक्षीला माझा जुना साथीदार, राजनाट्यगृहातला वादक तोम्मासो, आणि समोरचा मेणबत्तीवाला निकोला बसले होते. दॉन आनिएल्लो नाकात वाचतात, लिलाव पुकारल्यासारखे. त्या आवाजाने मला जरा धीर आला. डुकरिणीचे कलम आले तेव्हा निकोला हसला आणि तोम्मासोने त्याला कोपर मारले. तोम्मासो त्या शेकोटीच्या खोलीच्या खालच्या मजल्यावर राहत असे. त्याला सगळे ठाऊक आहे.

सहावे कलम अर्ध्यावर आले आणि खाली अंगणात कोणीतरी गाऊ लागले.

रोक्को चर्चमधून लवकर आला होता. मूल विहिरीच्या काठावर वाट बघत बसले असावे आणि कंटाळून गुणगुणू लागले असावे. आमच्याकडचे धनगर नाताळात गातात ते गाणे. मी बाळपणी ऐकलेले. त्याला मी ऐकतो आहे हे माहीतही नव्हते. शेवटाला त्याने सूर धरला. अगदी बारीक सुरू केला, वाढवत नेला, आणि पुन्हा बारीक करत सोडला. मला ते शिकायला सहा वर्षे आणि असंख्य छड्या लागल्या. त्याला कोणी शिकवले? कोणीच नाही.

तोम्मासो हातातली टोपी चुरगाळत जमिनीकडे बघत होता. माझा हात वर गेला. मी तो वर नेला नव्हता.

“थांबा,” मी म्हणालो.

दॉन आनिएल्लो यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले. “कलम आठ, दॉन दोनातो.” आणि ते पुढे वाचू लागले.

“थांबा म्हणतो ना! एकच दिवस. सही उद्या करतो. तुम्हाला ऐकू येत नाही का, खाली काय चाललंय ते?”

“पोरगं गातंय,” ते म्हणाले. “उद्या तुम्ही शुद्धीवर नसाल. तुम्हीच लिहून दिलंय.” आणि त्यांनी आवाज चढवला.

मी टेबलाची कड धरून बसलो. मला इतकी भीती महाराजांच्या पुढेही कधी वाटली नव्हती. वरून तो नाकातला आवाज आणि त्याच्या खाली तो सूर, न बुडता. ओर्सोलाने माझ्या खांद्यांवर दोन्ही हात ठेवले आणि दाबून धरले. वाचन संपले. मी सही केली. सहीवर शाईचा डाग पडला आहे, तो माझाच.

मग घंटा झाली आणि रोक्को मुलाला घेऊन वर आला. मूल बारीक चणीचे आहे, कान मोठे, गळ्याला आशीर्वादाच्या मेणाचा एक थेंब चिकटलेला.

“खालून ऐकू आलं असेल,” रोक्को म्हणाला. “ऐकलंस, दादा?”

“ऐकलं.”

“मग?”

सही झालेली होती. तरी जीभ उचलायला मला सगळा दम लावावा लागला, वादळाच्या गाण्यालाही कधी लागला नव्हता इतका. “नाही,” मी म्हणालो. “घरी घेऊन जा त्याला.” आणि अंगठी काढून त्याच्या तळहातावर ठेवली.

रोक्को अंगठीकडे बघत राहिला. मग खाली बसला आणि तोंड झाकून घेतले. तो रागावला होता की सुटला होता, हे मला सांगता येणार नाही. तोंडावरचे हात न काढताच म्हणाला, “आईची शपथ घेतली होती मी.” म्हणजे तो पाळेल. एवढे मी त्याला ओळखतो.

मुलाने मात्र माझी बाही ओढली. “काका, मी वाईट गायलो का?”

रोक्कोने मान वर केली. दोघेही माझ्या तोंडाकडे बघत होते. मी खरे बोललो असतो, तर त्याच्या बापाच्या मनात ते कायमचे रुतून बसले असते आणि पुढच्या दुष्काळात वर आले असते. मी म्हणालो, “ठीक होतं. बरी गातात पुष्कळ मुलं.”

त्याने मान हलवली. ओर्सोलाने त्याला अंजीर दिले, ते त्याने घेतले नाही. अंगण ओलांडून जाताना तो गात नव्हता.

म्हणून हे शेवटचे, आणि हे ग्राविनाच्या चौकात, त्या जत्रेच्या दिवशी, किल्ल्या देताना नोटरीने मोठ्याने वाचावे. कोझिमो, मी खोटे बोललो. त्रेपन्न वर्षांत असा आवाज मी ऐकला नाही. माझाही असा नव्हता. तू आत्ता घोगऱ्या आवाजात माझे नाव घेतले असशील आणि त्या दिवसाचा काही पुरावा उरला नसेल, म्हणून सांगतो: संत ब्याजोच्या दिवशी नेपल्सच्या माझ्या अंगणात तू गायलास, आणि खाली सह्या करणारे सगळे त्याला साक्षी आहेत. महाराज तिथे नव्हते. टाळी कोणी वाजवली नाही. ती माझ्याकडे राहिली आहे.

स्थळ: नेपल्स, माझे राहते घर
दिनांक: ३ फेब्रुवारी १७७४, संत ब्याजोचा दिवस

(सही) दोनातो व्हितो लोरुस्सो

साक्षीदार, मृत्युपत्राला आणि आवाजाला:
तोम्मासो गुआरिनो, राजनाट्यगृहातील वादक
निकोला स्काला, मेणबत्तीवाला

नोटरी: आनिएल्लो कापुओत्सो. मृत्युपत्रापुरता साक्षी. गाण्यातले मला कळत नाही, पण ऐकू आले होते.

+ ओर्सोलाची फुली. बाई असल्याने साक्षीत धरली जात नाही, असे सांगूनही तिने उमटवली.